पेंड कुठं गेली

लुबना आज कामून आली नाय, हे मंजू तू तिसऱ्यांदा विचारलंस. सांगते. पण मधी कुणी बोलायचं नाय. अतुल, तू तर अजिबातच नाय, कारण मी एकदा थांबले ना, तर परत सुरू व्हायची नाय.

माझं खूळ तुम्हाला माहीतच आहे. मागच्या वर्षी आईसोबत सिडकोतल्या त्या मोठ्या दुकानात महिन्याचं सामान भरायला गेलते, तिथून सुरू झालं. मसूर डाळीचं पाकीट हातात घेतलं आणि उगंच उलटं केलं, तर मागं लिहिलेलं, मूळ देश कॅनडा. मला वाटलं मी चुकीचं वाचलं. मग वाटाणा उलटा केला, तो रशियाचा. सफरचंदावर इराणचा गोल कागद चिटकवलेला. मी एकेक वस्तू उलटी करून बघत बसले आणि आई ट्रॉली धरून उभी. शेवटी म्हणली, डाळ शिजवायची आहे का तिचा पासपोर्ट तपासायचाय.

पण मला झोंबलं ना ते. आमचं गाव फुलंब्रीच्या पलीकडं, तिथं आल्याची पोत्यानं रास पडती, आणि आमच्या घरी चहात जे आलं पडतं ते कुठून येतं हे कुणालाच ठाऊक नाय. म्हणून मी ठरवलं. जे आपल्याकडं पिकतं ते आपलंच घ्यायचं. जे पिकतच नाय त्याचा हट्ट नाय. रमजानच्या तोंडावर लुबनानं तोंड वाकडं करून विचारलंबी होतं, की आता खजूर पण बंद करायला लावती काय. मी म्हणलं, तुमच्या अंगणात खजुराचं झाड असंल तर सांग, नसंल तर खा निवांत.

मग तो व्हॉट्सॲप ग्रुप काढला, आपल्या शिवारातलं नावाचा. आपणच बारा जण होतो पहिल्यांदा. अतुल, तू मला सरपंच म्हणायचास. दर रविवारी मी लिहायची, गंगापूरचा गूळ आलाय, फुलंब्रीचं आलं आलंय, अमक्याची दादर ज्वारी आहे, अमुक शेतात मी स्वतः जाऊन आले. लोक वाढत गेले. बघता बघता तीनशे घरं झाली. तीनशे घरं, आणि त्यातल्या निम्म्या लोकांना मी तोंडानंबी ओळखत नाय, पण ते सामान घ्यायच्या आधी मला विचारायचे, ताई हे आपलं आहे का.

अडलं ते तेलाशी. कुठल्याबी घरात जा, भाजी आपली, मीठ-मिरची आपली, आणि कढईत तेल बाहेरदेशाचं. पप्पा सांगत्यात, त्यांच्या लहानपणी ज्वारीच्या कडंनं करडीच्या दोन ओळी असायच्याच. काट्यामुळं जनावर आत शिरायचं नाय आणि वर्षाचं तेल घरचं व्हायचं. आता करडी कुणी पेरत नाय, कारण कुणी घेत नाय. आणि कुणी घेत नाय, कारण कुठं मिळतच नाय.

त्याच टायमाला आमच्या सुदर्शनदादाची शेंद्र्याच्या कंपनीतली नोकरी सुटलेली. तो औरंगपुऱ्यात एक गाळा बघत होता, काय टाकावं ते ठरंना. मी त्याच्या मागं लागले, लाकडी घाणा टाक. मोटारीवर चालणारा, पण लाकडाचाच. लोकांच्या डोळ्यासमोर करडी गाळ, तिथंच डब्यात भर. दादा हसला होता. म्हणला, करडी कोण देणार, तू पेरणार का. मी म्हणलं, बघच.

आणि मी खरंच गेले. मी आणि लुबना. दिवाळीच्या आधी, आठ-दहा गावं हिंडलो, जीपमधी मागं लटकून. सगळे नाय म्हणले. करडीचं नाव काढलं की लोक आधी हात दाखवायचे, काट्यांनी कसे फाटत्यात ते. शेवटी आमच्या शेजारच्या गावचे बन्सीकाका तयार झाले. तीन एकर. तेबी माझ्या शब्दावर. त्यांची एकच अट. म्हणले, ज्याची करडी त्याची पेंड, घाण्यावर आधीपासून हेच चालत आलंय. तेल तुम्ही ठेवा, पण पोळ्याच्या आधी माझ्या बैलांना माझ्याच करडीची पेंड पायजे. दादा सोबत होता त्या दिवशी. त्यानं त्यांच्या हातावर हात मारला, काका, तुमची पेंड तुमचीच.

पेंड म्हणजे मंजू, करडी गाळली की तेल निघून जो चोथा राहतो ना, तो. जनावरांना लई आवडतो.

जानेवारीत करडी फुलली. पिवळी, मधूनच भगवी. मी मधी जाऊन उभी राहिले, ओढणीला काटे, हाताला ओरखडे, आणि लुबनानं फोटो काढला. तोच फोटो दादानं डब्यावर छापला. खाली माझं वाक्य, मी स्वतः बघितलंय, हे आपल्या शिवारातलं आहे. मला इतकं भारी वाटलं होतं की मी एक रिकामा डबा घरी टेबलावर ठेवला होता, आई त्याच्यात चमचे ठेवायला लागली तर मी भांडले.

मार्चमधी घाणा सुरू झाला. तुम्ही आलतात की सगळे. तो करकर आवाज, तो वास, आणि त्या गरम पेंडीचे तुकडे आपण तोंडात टाकून बघितले होते. लोक रांग लावायचे. लुबनाची अम्मी, वहिदाखाला, बुढी लेनमधी राहत्यात, ऑर्डरचं जेवण करून देत्यात, त्यांनी तर सगळा स्वयंपाक ह्याच तेलावर नेला. त्यांच्या गिऱ्हाइकांना सांगायच्या, लुबना की सहेली का तेल है, खुद खेत में जाके देख के आई है.

इथपर्यंत तुम्हाला माहीत आहे. आता ह्याच्या पुढचं ऐका.

पोळ्याच्या चार दिवस आधी दादानं मला दुकानात बोलावलं. पोळ्याचा व्हिडिओ करायचाय म्हणला, बैल, शिवार, आपलं तेल, असं कायतरी बोल. मी केस-बिस नीट करून बसले होते. तेवढ्यात बन्सीकाका आले. एसटीनं आलते, खांद्यावर रिकामं पोतं. मला बघून खुश झाले. सांगायला लागले, दादाला तीनदा फोन केला, दरवेळी उद्या म्हणतो, म्हणून म्हणलं आपणच जावं.

दादाचा चेहरा कसनुसा झाला. म्हणला, काका, काढूनच ठेवलीय. आत गेला आणि एक भरलेलं पोतं ओढत आणलं. तोंड सुतळीनं शिवलेलं. बन्सीकाकांनी सुतळी सोडली, एक तुकडा काढला, हातात मोडला, वास घेतला. मग दुसरा मोडला. मला वाटलं कौतुकानं बघत्यात. त्यांनी तुकडा माझ्या हातात दिला.

"पोरी, ही सरकीची हाय. करडीच्या पेंडीत पांढरं टरफल दिसतं. हिच्यात बघ, कापसाची कूस हाय."

दादा लगेच म्हणला, पोती बदलली असत्याल काका, एवढ्या पोत्यात कळत नाय. बन्सीकाकांनी गाळाभर नजर फिरवली. दुसरं पोतं कुठंच नव्हतं. ते चिडले नायत, हे मला जास्त लागलं. रिकामं पोतं परत घडी करून काखेत मारलं.

"सरकीची पेंड मला फुलंब्रीत बी मिळती, सुदर्शन. तिच्यासाठी मी एसटीनं आलो नाय."

आणि गेले. पाणीबी घेतलं नाय.

दादा म्हणला, म्हातारं माणूस आहे, मनावर नको घेऊ, चल व्हिडिओ करू. मी स्टुलावर बसलेले, हातात तो तुकडा. आणि मी विचार करत होते. साधा विचार. तीन किलो करडी टाकली की एक किलोच्या आसपास तेल निघतं आणि दोन किलो पेंड उरती. म्हणजे तेलाच्या दुप्पट पेंड. मार्चमधी पेंडीच्या पोत्यांमुळं गाळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती, आपण त्या पोत्यांवरच बसलो होतो. आणि आता तेल तर रोज चाललंय, सकाळपासून माझ्यासमोर नऊ डबे गेलते. मग पेंड कुठं गेली. दुकानात सरकीची पेंड विकत आणून ठेवायची वेळ कामून आली.

मी उठून आत गेले. दादा मागून हाक मारतोय, सोनू, आत लई पसारा आहे, नको जाऊ. मी घाण्याच्या लाकडाला हात लावला. तेलाचा घाणा रोज चालला ना, तर लाकूड ओलं राहतं, बोटं चिकट होत्यात. माझा हात कोरडा. लाकडाला खालून चीर पडलेली. आणि घाण्याच्या मागं, ताडपत्रीखाली, पंधरा किलोचे पत्र्याचे डबे. एकावर एक. मी एक उचलला आणि फिरवला, मला तर सवयच ना. रिफाइंड सूर्यफूल. खाली बारीक अक्षरात, आयात केलेलं.

मी अख्ख्या शहरातली पाकिटं उलटी करून वाचत हिंडले. अनोळखी बायकांच्या ट्रॉलीतली बाटली काढून वाचून दाखवलीय मी. आणि माझ्या सख्ख्या भावाच्या दुकानातला डबा मी एकदाबी उलटा केला नव्हता.

दादा दारात उभा होता. मला वाटलं खोटं बोलेल. मला वाटत होतं त्यानं बोलावं. पण तो तिथंच खाली पोत्यावर बसला आणि सगळं सांगितलं, एकदम शांत. बन्सीकाकांची करडी जूनमधी संपली. दुसरीकडं शोधली, मिळाली नाय. थोडं करडीचं तेल राखून ठेवलंय, ते ह्याच्यात वासापुरतं मिसळतो. मी म्हणलं, संपलं तर संपलं सांगायचं. पुढच्या मार्चला या म्हणायचं. लोक थांबले असते. तो म्हणला, एक महिना थांबत्यात, मग विसरत्यात.

मी विचारलं, बन्सीकाकांची पेंड कुठं आहे. म्हणला, मेमधीच विकली, जागा अडत होती.

आणि मग मला आठवलं, म्हणलं, दादा, घरी कुठलं तेल येतंय. कारण मी तर रोज जेवतेय ना, मला कधीच चव बदललेली कळली नाय. तो खाली बघायला लागला. घरी करडीचंच येत होतं. शुद्ध. आमच्यासाठी त्यानं एक ड्रम वेगळा ठेवलाय. आई-पप्पांसाठी म्हणला. पण मला बघा, मला तेव्हा असं झालं की हा माझ्यासाठीच ठेवलेला. मला कळू नये म्हणून. मी बेधडक बोलत राहावं म्हणून मला रोज खरं तेल खाऊ घालत होता.

मी म्हणलं, मी ग्रुपवर लिहिणार. तो चिडलाबी नाय. म्हणला, लिही, मग घाण्याला कुलूप लागंल, आई-पप्पांना तूच सांग. आणि मग बोलला ते माझ्या डोक्यातून जात नाय.

"लोक तेल घ्यायला येत नायत, सोनू. तुझं बोलणं घ्यायला येत्यात. डब्यात काय आहे हे त्यांना बी बघायचं नसतं."

मी त्याच्याशी तेव्हापासून बोलले नाय. आज पाचवा दिवस.

आता लुबनाचं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बुढी लेनला गेले. म्हणलं, तीनशे घरांना सांगायच्या आधी ह्या एका घरात तोंडानं सांगायचं. वहिदाखालांनी माझ्या एका शब्दावर त्यांचं सगळं काम त्या तेलावर नेलंय, त्यांना फोनवर कसं सांगायचं. रस्ताभर मी पाठ करत गेले. खाला रडतील, का चिडतील, लुबना काय म्हणंल, मी पाया पडू का. असलं सगळं.

खाला कांदा चिरत होत्या. लुबना चुलीजवळ, मसाला वाटत होती. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, जून, ताडपत्री, डबे, सगळं. रडत रडतच. आणि खालांनी कांदा चिरायचा थांबवलाबी नाय. म्हणजे थोडा वेळ. मग सुरी ठेवली.

"मेरेकू जून सेच मालूम है बेटा."

त्या म्हणल्या, घाण्याचं करडीचं तेल तापलं की आधी फेस धरतं, मग तो फेस बसतो. तीस वर्षं कढईसमोर उभी आहे, मला फेस ओळखू येत नाय का. जूनमधी एक दिवस फेस आला नाय. दुसऱ्या दिवशी नाय. तिसऱ्याला नाय. मग त्यांनी कढईत दुसरं तेल आणलं, मोंढ्याच्या बाजारातनं, आणि गप बसल्या.

पण लुबना तर दर पंधरा दिवसाला डबा नेत होती की. मागच्याच आठवड्यात माझ्या हातून घेऊन गेली. मी लुबनाकडं बघितलं. ती उठली आणि पलंगाची खाली लोंबणारी चादर वर केली. पाच डबे. सीलसुद्धा फोडलेलं नाय. पाचही डब्यांवर मी, करडीत उभी, हसतेय. मी स्वतः बघितलंय.

खाला म्हणल्या, तुझं तेल घेणं बंद केलं असतं तर तू विचारलं असतं, कामून बंद केलं. मग ह्या पोरीला सांगावं लागलं असतं. तुमची दोस्ती तुटली असती. म्हणून घेत राहिलो. आणि मग एकदम हळू आवाजात म्हणल्या, की आम्हाला वाटलं तुम्ही दोघं बहीण-भाऊ मिळूनच करताय.

म्हणजे कळतंय का तुम्हाला. जूनपासून. जूनपासून लुबना माझ्या शेजारी बसतेय, माझ्या डब्यातलं खातेय, माझ्यासोबत रविवारी पोस्ट लिहायला बसतेय, शब्द सुचवतेय मला, आणि तिच्या डोक्यात काय, तर ही चोर आहे. ही लोकांना फसवून रोज इथं येऊन बसती. आणि तरीबी हसतेय माझ्यासोबत. माझ्या वाढदिवसाला तिनं शीरखुर्मा केलता. मला वाटलं मला कुणीतरी कानाखाली मारलीय. दादानं फसवलं ते एक. पण दादा दुकानदार आहे, त्याला काय हवं होतं ते मला कळतं तरी. हिला काय हवं होतं.

मी तिला म्हणलं, मला विचारलं कामून नाय. एकदा. नुसतं एकदा विचारायचं, सोनिया, हे काय आहे. मी त्याच दिवशी गाळ्यावर जाऊन डबे उलटे केले असते.

ती म्हणली, "विचारलं असतं आणि तू खोटं बोलली असतीस, तर मग मी काय केलं असतं?"

  पण मी म्हणलं, तू माझ्यासोबत आठ-दहा गावं हिंडलीस, तो फोटो तू काढलास, तुला एवढं बी वाटलं नाय की हिला माहीत नसंल. तर तिनं चादर परत खाली सोडली. खाला म्हणल्या, बेटा, गुस्सा नक्को कर, चाय पी. मी चहा घेतला नाय. जिना उतरून आले. बन्सीकाका आमच्या गाळ्यातून पाणी न घेता का गेले, ते मला त्या जिन्यात कळलं.

म्हणून लुबना आली नाय. मीच म्हणलं येऊ नको.

बन्सीकाकांना फोन केला मी. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणले, बरं झालं सांगितलं. मग मी विचारलं, काका, यंदा करडी. तर म्हणले, यंदा हरभरा टाकतोय पोरी. आणि बैलांना पाणी पाजायचंय म्हणून फोन ठेवला.

आता मी ग्रुपवर लिहिणार आहे. आज. हे बघा, लिहून ठेवलंय फोनमधी, नुसतं पाठवायचंय. डब्यातलं तेल आपलं नाय, जूनपासून नाय, माझ्या फोटोवर विश्वास ठेवून ज्यांनी घेतलं त्यांनी डबे परत आणा, मी स्वतः गाळ्यासमोर उभी राहून घेईन. मला माहीत नव्हतं, हे वाक्य मी चारदा लिहिलं आणि चारदा खोडलं. लिहिलं तर वाटतं मी सुटायला बघतेय. नाय लिहिलं तर तीनशे घरं तेच समजतील जे लुबना समजली.

म्हणून म्हणलं आधी तुम्हाला सांगावं. तुम्ही मला ओळखता. तुमच्या घरीबी गेलंय ना तेल. अतुल, तुझ्याकडं दोन डबे गेलते मेमधी. मंजू, तुमच्याकडं तर दर महिन्याला जायचं, आणि मग जुलैत तुझ्या आईनं बंद केलं. तू म्हणलीस, डॉक्टरनं तेल कमी करायला सांगितलंय.

डॉक्टरनंच सांगितलं होतं ना.

अतुल, तू मंजूकडं कामून बघतोयस. मी तिला विचारतेय. मंजू, वर बघ की. चहाच्या कपात काय आहे. मी रागावणार नाय, मला फक्त सांग.

तुझ्या आईला कधी कळलं?